डागाळलेले दात : दोष कोणाचा?

मुलाचे दात तपकिरी दिसले की, ‘दात घासत नाहीस’ म्हणून आपण त्यास वर्गासमोर लाजवितो. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही ही चूक घडलेली आहे.

वयाच्या साधारण ८ वर्षांपर्यंत दात हिरडीखाली घडत असतात. त्या काळात पिण्याच्या पाण्यातून अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास दाताच्या कठीण आवरणात दोष राहतो. प्रथम खडूसारखे पांढरे आडवे पट्टे दिसतात. पुढे ते तपकिरी होतात. ते डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच असतात व घासून जात नाहीत. साधा मळ घासल्याने निघतो. कीड बहुधा दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत लागून तेथे खळगा पडतो.

एकाच विहिरीचे अथवा विंधनविहिरीचे पाणी पिणाऱ्या अनेक मुलांत असे पट्टे आढळल्यास त्यांची नोंद करावी आणि पाणी तपासून घेण्याविषयी ग्रामपंचायतीस व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने ते जात नाही.

शिक्षकाच्या रागावण्याने आलेला डाग पुसला जाणार नाही; त्याने वेळीच दिलेल्या सूचनेने मात्र धाकट्या भावंडांचे दात वाचू शकतील.