दिवाळीची सुट्टी आणि लंडनचा ताळेबंद

इचलकरंजीत मी टॅक्सची कामं करते. मागवाले, सायझिंगवाले, सुताचे दलाल, कापडाचे अडते यांची विवरणपत्रं आणि जीएसटी. त्यामुळे लंडन माझ्या टेबलावर येतं ते बँकेच्या स्टेटमेंटमधून. "ताई, तीन वर्सांचे रिटर्न काढून ठेवा, पोरगं लंडनला न्यायचं म्हणतंय," असा फोन आला की मी समजते, व्हिसा निघालाय. असे फोन वाढत गेले तशी मी त्याची एक वेगळी फाईल केली, आणि पुढे आमच्या घरची वारीही त्याच फाईलवरून झाली. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई.

आमच्या गावाला लंडन तसं जुनंच. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे १९१३ साली युरोपला गेले आणि ब्रिटिशांच्या राहणीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मॅकमिलनने छापलं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला तोही याच बाबासाहेबांच्या पाठबळावर. त्यांना व्हिसा काढावा लागला नाही. हिंदुस्थानचा पासपोर्ट कायदाच मुळी १९२० सालचा. पण वेळापत्रक बिघडायला व्हिसाच लागतो असं नाही. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले, तर ऐन जून अखेरीस राजाच्या पोटाचं ऑपरेशन निघालं आणि २६ जूनचा समारंभ ९ ऑगस्टवर गेला. हे मी अशिलांना मुद्दाम सांगते. राजवाड्यातला सोहळासुद्धा दीड महिना पुढे जातो, तेव्हा तुमच्या तिकिटाची तारीख थोडी सैल ठेवा.

आता व्हिसा. ब्रिटनचा साधा पर्यटक व्हिसा सहा महिन्यांचा असतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून ऑनलाइन अर्ज करता येतो, बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईच्या केंद्रावर जावं लागतं आणि निकालाला साधारण तीन आठवडे धरायचे. माणशी अर्ज वेगळा, फी वेगळी, तान्ह्या पोराचीसुद्धा. नकार आला तर फी परत नाही आणि सहसा अपीलही नाही. म्हणून निकालाआधी तिकिटांत पैसे अडकवू नका.

नकार येतो तो बहुतेक वेळा गरिबीमुळे नाही, विसंगतीमुळे. एक खर्चीवाले काका स्टेटमेंट घेऊन आले होते. खर्चीवाले म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. त्यांचा धंदा चोख असला तरी खात्यात पैसा नदीच्या पाण्यासारखा येतो आणि जातो. काकांच्या खात्यात वर्षभर शिल्लक चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास, आणि अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम सहा लाख.

"हे कुठून आले?"

"मेव्हण्यानं घातलेत. दाखवायपुरतं. व्हिसा झाला की देऊन टाकणार."

"काका, हे बघणारा माणूस दिवसभर हेच बघत बसलेला असतो."

"मग काढू व्हय?"

काढूनही उपयोग नव्हता, नोंद तर राहणारच. आम्ही अर्ज पुढे ढकलला. मुलगा पुण्यात नोकरीला होता, खर्च तो करणार होता. मग त्याच्या पगाराच्या स्लिपा, त्याचं स्टेटमेंट, खर्च मी करतोय असं त्याचं पत्र, आणि काकांकडून शेडचा उतारा, जीएसटी नोंदणी, वीजबिल. मागाची शेड सोडून हा माणूस लंडनमध्ये राहणार नाही, हे कागदावरून दिसलं पाहिजे. तेच तर अधिकाऱ्याला बघायचं असतं. उसन्या सहा लाखांपेक्षा यंत्रमागाचं वीजबिल त्याला जास्त पटतं, असा माझा अनुभव आहे.

जायचं कधी? बाहेरचे लोक सांगतात, मे-जूनमध्ये जा. खरं आहे, जूनमध्ये तिथे रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, एका दिवसात दोन दिवस फिरून होतात. पण आमच्याकडे कारखाने निवांत बंद असतात ते दिवाळीत, म्हणून बहुतेक इचलकरंजीकर दिवाळीची सुट्टी धरतात. मग एवढंच लक्षात ठेवा: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे घेतात. शनिवारी पावणेसहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचला मावळतो, आणि आपल्याशी साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. त्याच सुमाराला तिथल्या शाळांनाही आठवड्याची सुट्टी असते, त्यामुळे डायनासोरच्या सांगाड्यापुढे हीऽ गर्दी. नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवा, फुकटच असते. दिवाळीचे अर्ज भरायचे तर ऑगस्ट उजाडायच्या आत त्या वर्षाचं विवरणपत्र भरून टाका, म्हणजे ताजा कागद जोडता येतो. (हे सांगण्यात माझा स्वार्थ आहे, ते लोक एरवी शेवटच्या रात्री येतात.)

इचलकरंजीला रेल्वे स्टेशन नाही. हातकणंगल्याहून महालक्ष्मी, नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स, आणि मुंबईहून थेट विमान नऊ-दहा तासांचं. त्यात फार ठरवण्यासारखं काही नाही.

ठरवायचं ते राहण्याचं. लंडनच्या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा हाच. मधल्या भागातल्या हॉटेलचं एका रात्रीचं भाडं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात आपल्याकडं महिनाभर घर मिळतंय." आम्ही हाउन्स्लोकडे स्वयंपाकघरासकट छोटं घर घेतलं. हीथ्रोवरून पिकॅडिली लाइनची भुयारी रेल्वे तिथूनच जाते. साउथॉल, ईलिंग, वेम्बली ही बाजूही तशीच सोयीची. २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन साउथॉल आणि ईलिंगवरून थेट शहराच्या पोटात नेते. कुकर लावता आला की निम्मा हिशेब बसतो. हाउन्स्लोत दोन मुंबईकर मित्रांनी २०१० साली सुरू केलेलं वडापावचं दुकानही आहे, ते चांगलं चालतं. नेण्याच्या डब्यात जयसिंगपूरचा भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालतं. पेढे, कुंदा, खव्याचं काहीही नको: भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत.

फिरण्यासाठी वेगळा पास काढायची गरज नाही. मशीनला टेकवायचं बँक कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड पुरतं, आणि दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. मात्र एका कार्डावर एकच माणूस. नवऱ्यानं सगळ्यांसाठी एकच कार्ड टेकवायचं हे तिथे होत नाही, चौघांना चार लागतात. अकराच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर फुकट. रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. पर्यटकांच्या महागड्या उघड्या बसऐवजी ट्रॅफल्गर स्क्वेअरवरून साधी १५ नंबरची बस घ्या, वरच्या मजल्यावर पुढच्या काचेला बसा. स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल आणि टॉवर ऑफ लंडन सगळं समोरून जातं.

टॉवरचं तिकीट भारी आहे. कोहिनूर बघायचा हट्ट नसेल तर बाहेरून बघा. वेस्टमिन्स्टर ॲबेलाही तिकीट आहे. पण ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सगळं फुकट. टूरवाल्याच्या पत्रकात यांतलं एखादंच असतं आणि तेही तासाभरासाठी. माझं स्पष्ट मत आहे की लंडन टूरबरोबर बघण्याचं शहर नव्हे. जिथे तिकीट नाही तिथे दोन तास बसा, पाय दुखले की बाहेर या, उद्या पुन्हा जा.

वाघनखं मात्र सध्या तिथे शोधू नका. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आहेत. जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली.

कापडाच्या गावच्या माणसाने या संग्रहालयाचं पूर्व लंडनमधलं नवं कोठार चुकवू नये. मे २०२५ मध्ये ते स्ट्रॅटफर्डला उघडलं. तिथली सोय मला फार आवडली: संग्रहातल्या वस्तू आपण घरी बसून संगणकावर शोधायच्या, पाचपर्यंत निवडायच्या, निदान दोन आठवडे आधी वेळ ठरवायची, आणि त्या दिवशी त्या वस्तू आपल्यासाठी काढून टेबलावर ठेवतात. पैसे काही नाहीत. कपड्यांचा आणि कापडाचा मोठा साठा आता इथेच आहे. आम्ही भारतातून गेलेल्या मलमलीचे तुकडे मागवले होते. नवऱ्याने खिशातून पिक, म्हणजे आडवे धागे, मोजायचं भिंग काढलं, तशी तिथली बाई आधी सावध झाली. मी सांगितलं, आम्ही विणकरांच्या गावचे, इंचात किती पिक पडलेत तेवढं बघायचंय. हात लावायचा नाही या अटीवर तिने दिवा जवळ ओढून दिला. दोन वेळा मोजून नवरा गप्प झाला. सासूबाईंनी उमेदीची वर्षं कांड्या भरण्यात घालवली आहेत, त्यांनी भिंग न घेता किनारीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "धोटा कुठंबी अडकलेला न्हाई बघ. हातमागाचं हाय."

हे कापड तिकडे गेलं कशासाठी, तेही जाण्याआधी वाचलेलं बरं. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या हिंदुस्थानी कापडांचे तुकडे कापून ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. इथले लोक काय नेसतात, पोत कसा, लांबी-रुंदी किती, हे तिकडच्या गिरणीवाल्यांना बसल्या जागी कळावं आणि तसंच कापड त्यांनी इकडे विकायला पाठवावं, हा उद्देश. व्यापारी बुद्धीला दाद द्यावी लागते. आमच्याकडे सुरतच्या कापडाचा नमुना खिशात घालून आणणारा अडत्या हेच करतो, फक्त तो खंड बांधत नाही.

वेळ उरला तर प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोडवर जा. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना त्या घरात राहिले; महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतलं. हायगेटला इंडिया हाउसच्या इमारतीवर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. आणि लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, दिवाळीत त्यांचा कार्यक्रम कधी आहे ते आधी विचारून ठेवा.

राहता राहिली खरेदी. "बिलं जपून ठेव, विमानतळावर व्हॅट परत मिळतो," असं अजून पुष्कळ जण सांगतात. ती सवलत इंग्लंडमध्ये २०२१ च्या सुरुवातीलाच बंद झाली. मी हे जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग पर्स पॅरिसला घेऊ या की. सव्वादोन तासांची तर रेल्वे आहे म्हणतात." पॅरिसला लंडनचा व्हिसा चालत नाही, शेंगेनचा वेगळा काढावा लागतो, त्याचा अर्ज वेगळा आणि फीही माणशी वेगळी, हे मी त्यांना आकड्यांसकट लिहून दिलं. आता पर्स कोल्हापूरच्या राजारामपुरीतच बघायचं चाललंय.