हौस तबकड्यांची, हिशेब घरचा

हौसेला मोल नसते म्हणतात. पण महिन्याच्या वीस तारखेला असे म्हणायला कोणी धजत नाही! तबकड्या जमवणाऱ्याच्या घरी तर हौस आणि हिशेब यांचा नेहमीचाच तंटा. तो मिटवणे मात्र अवघड नाही.

वर्षाच्या खर्चात पहिला मान सुईचा. झिजलेली सुई तबकडीच्या खाचा खरवडते, आणि ते नुकसान कधीच भरून येत नाही. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला जाड सुई लागते, लाँग-प्लेला बारीक. एकीची दुसरीला चालवू नये.

मग मिनिटांचा हिशेब. लाखेची दहा इंची तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे गाते. १९४८ साली अमेरिकेत निघालेली व्हिनाइलची लाँग-प्ले वीस मिनिटांच्या वर. राग सावकाश फुलताना ऐकायचा तर दुसरीच परवडते. पण तीन मिनिटांत राग कसा उभा करायचा, हे गौहरजानच्या काळच्या कलावंतांकडून ऐकावे ते लाखेच्या तबकडीवरच.

मुंबईच्या चोरबाजारात गेलात, तर वेष्टनावरचे चित्र पाहून पाकीट उघडू नका. तबकडी उजेडात तिरपी धरा. चीर, ओरखडे, वाकलेली कड लगेच दिसते. घरी आणल्यावर ती उभी ठेवा, उन्हापासून दूर.

आणि आधीची दोनदा ऐकून झाल्याखेरीज नवी घेऊ नका. न ऐकलेली तबकडी कितीही स्वस्त मिळाली तरी महागच. ऐकताना घरच्यांनाही बोलवा. एकट्याच्या हौसेला उधळपट्टी म्हणतात; चौघांनी ऐकली की तीच तबकडी घरची होते!