चकमकीतला एकमेव कॅमेरा

गडचिरोलीच्या जंगलात पोलीस आणि माओवाद्यांची चकमक झाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कोणता फोटो येणार, हे विदर्भातल्या वाचकाला आता पाठ झालं आहे. कापडावर ओळीने मांडलेल्या बंदुका, पिट्टू, वायरची भेंडोळी, औषधांच्या पट्ट्या, काही पुस्तकं आणि मागे उभे जवान. फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव बहुतेक वेळा नसतं, कारण तो कुणा छायाचित्रकाराने काढलेलाच नसतो. प्रेस नोटसोबत आलेला असतो. युद्धभूमीवरच्या छायाचित्रणावर लष्कराने घातलेल्या बंधनांचा इतिहास वाचताना मला वर्षानुवर्षं एक गोष्ट खुपत आली आहे. जगात ही बंधनं आदेशांतून आली, त्यांवर सह्या होत्या, शिक्के होते, म्हणून त्यांच्याविरुद्ध भांडता आलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात असा एकही आदेश काढावा लागलेला नाही. जागा एकाच्या ताब्यात राहिली आणि कॅमेराही त्याच्याच हातात राहिला, की फोटो अडवण्याचं कामच उरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या व्यवस्थेला कायद्याचा आधार नाही, उलट कायदा तिच्या विरोधात आहे आणि तिचा तोटा पोलिसांनाही सोसावा लागतो.

जगाचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने पश्चिम आघाडीवर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना येऊ दिलं नाही आणि १९१६ मध्ये अर्नेस्ट ब्रुक्स या अधिकृत छायाचित्रकाराला धाडलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या मृत सैनिकांचे फोटो दडवले. बुना इथल्या किनाऱ्यावर पडलेल्या तीन सैनिकांचा जॉर्ज स्ट्रॉकने काढलेला फोटो ‘लाइफ’ला सप्टेंबर १९४३ मध्ये छापता आला. व्हिएतनाममध्ये छायाचित्रकार मोकळे फिरले, म्हणून १९९१ च्या आखाती युद्धात त्यांना लष्कराच्या देखरेखीखालच्या गटांतूनच नेण्यात आलं. या सगळ्यांत निदान दोन माणसं वेगळी होती: एक फोटो काढणारा, दुसरा तो अडवणारा. बंदूक आणि कॅमेरा एकाच बाजूच्या हातात गेल्यावर काय होतं, हे समजून घ्यायला मात्र मंडालेला जावं लागतं.

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे तिसरं इंग्रज-बर्मी युद्ध महाराष्ट्राला परकं नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये थिबा राजाला पदच्युत करून इंग्रजांनी मंडाले घेतलं. मग प्रतिकार करणाऱ्यांना डाकू ठरवून गोळ्या घालण्याचं सत्र सुरू झालं. या शिक्षांची अंमलबजावणी ज्या प्रोव्हो मार्शलकडे होती, तो विलोबी वॉलेस हूपर हा मद्रास फौजेतला अधिकारी हौशी आणि अतिशय कुशल छायाचित्रकार होता. १८७६-७८ च्या मद्रास दुष्काळातल्या हाडांच्या सापळ्यांसारख्या माणसांचे त्याने काढलेले फोटो आजही पुस्तकांत दिसतात. मंडालेत त्याने गोळीबार पथकासमोर उभ्या केलेल्या कैद्यांचे फोटो घेतले. नेमका क्षण काचेवर उमटावा म्हणून कॅमेरा सज्ज होईपर्यंत त्याने गोळी झाडण्याचा हुकूम लांबवला, असा आरोप ‘टाइम्स’चा बातमीदार एडवर्ड मॉयलन याने केला. मॉयलनचं लष्कराशी आधीच बिनसलं होतं. त्याला मंडालेतून बाहेर काढून पुन्हा येऊ देण्यात आलं होतं. ही बातमी लंडनला पोहोचली, पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले, चौकशी झाली आणि हूपर सौम्य शिक्षेवर सुटला. १८८७ मध्ये त्याचा ब्रह्मदेशाच्या शंभर छायाचित्रांचा संग्रहही निघाला.

हूपर क्रूर होता की नुसता कॅमेऱ्याच्या नादाने आंधळा झाला होता, याचा निवाडा मी करत नाही. त्याच्या फोटोंमध्ये खोटं काही नव्हतं. माणसं खरोखर उभी होती, बंदुका खरोखर रोखलेल्या होत्या. तरीही त्या फोटोंवरून कैद्यांचा गुन्हा कोणता होता आणि हुकूम का लांबला, हे कुणालाही कळलं नसतं. ते कळलं, निदान विचारलं गेलं, कारण तिथे मॉयलन हा दुसरा साक्षीदार हजर होता. लष्कराला तो नको होता आणि त्याचा स्वभावही फारसा लोभस नसावा. पण तो नसता तर हूपरचे फोटो हेच मंडालेचं एकमेव सत्य ठरलं असतं. आताच्या गडचिरोली पोलिसांची हूपरशी तुलना करणं अन्यायाचं होईल आणि मी ती करत नाही. मला त्या प्रकरणातून हवी आहे ती एवढीच गोष्ट: खरा फोटोसुद्धा एकटा असेल तर पुरावा म्हणून अपुरा पडतो.

आता आपल्याकडे. १९८० मध्ये सिरोंचा भागात मोयाबिनपेठा इथे पेद्दी शंकर हा नक्षलवादी पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा निघाला. १९९० मध्ये पोलिसांची नक्षलविरोधी सी-६० पथकं उभी राहिली. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे मिळून जवळपास पन्नास पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याच्या भूसुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक असे सोळा जीव घेतले. एवढं सोसलेल्या दलाकडून सैल दरवाजाची अपेक्षा करणं सोपं नाही, हे मान्यच करायला हवं. त्यात भूगोल पोलिसांच्या बाजूने आहे. गडचिरोलीहून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की तो तालुका तुटतो आणि आत कित्येक गावांत मोबाइलला रेंज नाही. तालुक्याचा वार्ताहर मानधनावर किंवा जाहिरातीच्या कमिशनवर जगतो आणि ज्या पोलिसांची बातमी द्यायची त्यांच्याच ठाण्याच्या हद्दीत राहतो. त्याला कुणी ‘जाऊ नको’ म्हणावंही लागत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे एप्रिल २०१८ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. २२ एप्रिलला कसनासूर-बोरियाच्या जंगलात, इंद्रावतीच्या काठी चकमक झाली. पहिल्या दिवशी सोळा मृतदेह सांगण्यात आले. २४ तारखेला नदीत आणखी पंधरा मृतदेह सापडले. पुढे राजाराम खांदला इथली दुसरी चकमक धरून आकडा चाळीसवर गेला. महाराष्ट्रात नक्षलविरोधी अभियानात एवढी मोठी कारवाई त्याआधी झाली नव्हती. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीचे लोक म्हणाले की आमची मुलं लग्नाला म्हणून घरून निघाली ती परतली नाहीत. पोलीस म्हणाले की ती नुकतीच माओवाद्यांच्या दलममध्ये भरती झाली होती. बेपत्ता मुलांच्या आईवडिलांचे डीएनए नमुने घेण्यापर्यंत गोष्ट गेली. मे महिन्यात मानवी हक्क संघटनांचं सत्यशोधन पथक जाऊन आलं आणि त्याने ही चकमक नव्हे, हत्याकांड आहे असं म्हटलं; पोलिसांनी ते साफ फेटाळलं. दोन्हींपैकी खरं काय, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. मृतदेह कुठे, कोणत्या अवस्थेत, कोणत्या शस्त्राजवळ पडले होते, हे त्या सकाळी पाहणारा एकही त्रयस्थ कॅमेरा तिथे नव्हता. त्याच आठवड्यात सर्वदूर पोहोचला तो व्हिडिओ होता कारवाईनंतर गाण्यावर नाचणाऱ्या कमांडोंचा. म्हणजे चित्रीकरण करणं अशक्य होतं असं नाही.

हे सगळं सुरक्षेसाठी आहे आणि कायद्यानेच तशी तरतूद केली आहे, असं उत्तर लगेच येतं. तरतूद आहे, पण ती नीट वाचावी. केबल टेलिव्हिजन नियमांत मार्च २०१५ मध्ये भर पडली: दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याच्या माहितीवर भागवायचं. या नियमामागे मुंबईतला २६/११ चा अनुभव आहे. कसाबच्या खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले होते आणि ते योग्यच होते. बाहेरच्या हालचाली पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांना टीव्हीवर दिसत होत्या. पण त्याच खटल्यात ‘मुंबई मिरर’च्या सेबॅस्टियन डिसूझांनी सीएसटीत काढलेले कसाबचे फोटो पुरावा म्हणून उभे राहिले आणि ते स्वतः साक्षीला गेले. एकाच हल्ल्याने दोन धडे दिले होते: थेट प्रक्षेपण घातक ठरू शकतं आणि त्रयस्थ छायाचित्रकाराचा फोटो न्यायाच्या कामी येतो. नियमात पहिलाच उतरला. आणि तो नियमही वाहिन्यांपुरता, थेट प्रक्षेपणापुरता आणि कारवाई चालू असेपर्यंतचाच आहे. गोळीबार थांबून परिसर तपासून झाल्यावर वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला तिथे येऊ देण्याच्या आड हा नियम येत नाही.

त्याहून महत्त्वाचा कागद दुसराच आहे आणि त्याचा जन्मही महाराष्ट्रातलाच. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली; त्यावरून पीयूसीएल (नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला उभा राहिला. २३ सप्टेंबर २०१४ ला सरन्यायाधीश लोढा आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी सोळा निर्देश दिले आणि संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार ते कायदा म्हणून पाळावेत असं बजावलं. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांनी करावं आणि त्याचं चित्रीकरण जपून ठेवावं, दंडाधिकारी चौकशी व्हावी, शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदकं आणि बढत्या नकोत. फोटोंबद्दल दोन ठिकाणी लिहिलं आहे. मृताची ओळख पटवण्यासाठी रंगीत छायाचित्रं काढायची, हे बिनशर्त. घटनास्थळाचा कच्चा नकाशाही करायचाच, मात्र तिथले फोटो किंवा चित्रीकरण ‘शक्य असल्यास’. मेलेला कोण हे चेहऱ्याच्या फोटोवरून कळेल, पण तो कसा मेला याचं उत्तर घटनास्थळाच्या फोटोत असतं, आणि निकालाने नेमकी तिथेच सवलत ठेवली. प्रत्येकाच्या हाती स्मार्टफोन असलेल्या काळात ती सवलत कशासाठी, असं विचारायला जागा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम १०५ मध्ये झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगितलं आहे, त्यासाठी मोबाइल चालतो असंही म्हटलं आहे. कापडावर मांडलेली बंदूक मुळात कुणाच्या हाताजवळ सापडली, हे त्या मुद्रणात दिसायला हवं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हे युद्धच आहे आणि युद्धाला फौजदारी तपासाचे नियम लावू नका. पण सरकारची अधिकृत भूमिका कायम उलटी राहिली आहे: हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, म्हणून इथे पोलीस आणि निमलष्करी दलं आहेत. ही भूमिका मला मान्य आहे. मग तिचे परिणामही मान्य करावे लागतात. युद्ध नसेल तर युद्धातली सेन्सॉरशिपही नसते; उरतो तो गुन्ह्याचा पंचनामा. दुसरा आक्षेप भूसुरुंगांचा. तो खरा आहे, म्हणूनच छायाचित्रकाराने पथकासोबत जावं अशी मागणी मी करत नाही. परिसर निर्धोक ठरल्यावर, मृतदेह हलवण्याआधी दंडाधिकाऱ्यासोबत आलेला पुरे. जवानांचे चेहरे उघडे पडले तर गावातल्या त्यांच्या घरच्यांना धोका, हेही खरं. ते चेहरे झाकून छापण्याची अट कुणीही समंजस संपादक मान्य करील. आणि मृतांची विटंबना? रक्तबंबाळ देह पहिल्या पानावर नकोत, याबद्दल वाद नाही. पण काढणं वेगळं आणि छापणं वेगळं. काढलेला फोटो चौकशीच्या कागदपत्रांत राहिला आणि मृताच्या आईवडिलांना पाहता आला, तरी पुष्कळ झालं.

माओवाद्यांच्या प्रचाराला खाद्य मिळेल, हा आक्षेप मी सर्वांत कमी मानतो. त्यांचा कॅमेरा कधीच बंद नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये बस्तरमध्ये पकडलेला सीआरपीएफचा जवान राकेश्वर सिंह मनहास झोपडीत बसलेला असल्याचा फोटो त्यांनीच पसरवला. ३० ऑक्टोबर २०१८ ला दंतेवाड्यात पोलिसांसोबत निघालेला दूरदर्शनचा कॅमेरामन अच्युतानंद साहू त्यांच्या हल्ल्यात मारला गेला. पत्रकारांना लक्ष्य करायचा हेतू नव्हता असं पत्रक नंतर निघालं, त्याने माणूस परत येत नाही. खबऱ्या ठरवून मारलेल्या आदिवासीच्या देहाजवळ चिठ्ठी ठेवणाऱ्या संघटनेला त्रयस्थ साक्षीदार नकोच असतो. अशा वेळी पोलिसांनीही साक्षीदार टाळला, तर वाचकापुढे दोन पक्षांचे दोन प्रचार उरतात. शेजारच्या छत्तीसगडमध्ये निष्पक्ष बातमीदारी दोन्ही बाजूंनी किती महाग पडली आहे, हे वेगळं सांगायला नको.

पोलिसांचं नुकसान मला इथेच दिसतं. १३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोला चकमकीत माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडेसह किमान २६ जण मारले गेले. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली, तेव्हा मात्र तो सोहळा टिपायला कॅमेरे हजर होते आणि त्यावर कुणी अविश्वास दाखवला नाही. उघड्यावर घडलेल्या गोष्टीला मिळणारा हा विश्वास चकमकीला मिळत नाही, खऱ्या चकमकीलाही नाही. चळवळ ओसरत असताना, नवी पोलीस मदत केंद्रं थेट छत्तीसगडच्या सीमेजवळच्या वांगेतुरीपर्यंत पोहोचली असताना दरवाजा उघडणं पूर्वीइतकं धोक्याचं राहिलेलं नाही. म्हणून गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून एक मागणी करावीशी वाटते, आणि ती या अंकाच्या वाचकांनी, विशेषतः विदर्भातल्या संपादकांनी आणि वकिलांनी उचलून धरावी. २३ सप्टेंबर २०१४ नंतरच्या प्रत्येक चकमकीचा दंडाधिकारी चौकशी अहवाल जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवा. घटनास्थळाचे फोटो काढले होते का, किती, कुणी काढले, याची नोंद त्यासोबत द्या. आणि मृताच्या कुटुंबाने मागितले तर ते फोटो त्यांना दाखवा. यासाठी नवा कायदा लागत नाही.