काचपेटीमागचा पडदा

आमच्या स्लायगोच्या घरातल्या काचपेटीत सहा वर्षांपूर्वी लावलेले नेचे आणि शेवाळे आता चांगलेच मुरले आहेत. पण मागच्या काचेतून भिंतीवरची विजेची वायर दिसते, आणि येणारे पाहुणे आधी नेमकी तीच बघतात. मागे काहीतरी लावायलाच हवे होते.

नेहमीची पद्धत अशी की आतून मागच्या काचेला बुचाच्या झाडाची साल सिलिकॉनने चिकटवावी आणि तिच्यावर शेवाळे चढू द्यावे. पावसाळ्यातला कोकणातला जांभ्याचा गडगाच जणू! मात्र हे काम पेटी रिकामी असतानाच करायचे. सिलिकॉन धरते कोरड्या काचेला, आणि वाळताना आंबूस वाफ सोडते. हे माहीत असूनही मी एका कोपऱ्यात प्रयोग केला. जागेसाठी एक नेचा उपटला, तर मुळांबरोबर शेवाळ्याची निम्मी चादर वर आली. साल दोन दिवसांत सुटली आणि नेचा महिन्याभरात गेला. तो धाकटीने शाळेतून आणलेला होता. अजून ऐकून घेतो आहे.

तेव्हा आता जे काही करायचे ते काचेबाहेरून. चिरंजीवांनी बेनबल्बिनचा मोठा फोटो लावायचे सुचवले. पण वीतभर उंचीच्या नेच्यामागे ५२६ मीटरचा डोंगर म्हणजे ना धड नेचा, ना धड डोंगर. आरसा लावला तर पेटीत आपलेच तोंड. गणपतीच्या मखराचे बघा ना, मागचा पडदा साधा असला तरच मूर्ती उठून दिसते.

काळ्या कार्डाने हिरवा रंग खुलतो, खोली भासते. पण काळा रंग उजेड खातो. इथे डिसेंबरअखेर दिवस साडेसात तासांचाही नसतो आणि भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर येतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांच्या वर असतो. पांढरे कार्ड खिडकीतून आलेला उजेड झाडांच्या पाठीवर परत टाकते, म्हणून ती खिडकीकडे कमी झुकतात. मात्र त्यावर प्रत्येक पिवळे पान दिसते. म्हणून पडदा सुटा ठेवला: ऑक्टोबर ते मार्च पांढरा, पुढे काळा.

एक अडचण उरली, धुक्याची. १८२९ साली लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांना बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप उगवलेला दिसला. मातीतली वाफ काचेवर थिजून पुन्हा खाली येत होती. (पुढे १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात पाठवली ती वॉर्डच्याच पेट्यांतून.) ही वाफ सर्वांत गार काचेवर थिजते. आमची पेटी बाहेरच्या भिंतीला लागून, त्यामुळे मागची काच सकाळी दुधाळ व्हायची आणि काळ्याचा राखाडी व्हायचा. मखरातला उरलेला थर्मोकोल कार्डामागे सरकवला, तेव्हा धुके पुष्कळ कमी झाले.

कार्ड घाईने चिकटवू नका. आधी पंधरा दिवस नुसते टेकवून, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बघा. आम्ही तसे केले म्हणूनच कळले की आमचे कार्ड दोन बोटे आखूड आहे. वायर अजून वरच्या कोपऱ्यातून डोकावते.