हप्ताही जायला हवा, चूलही पेटायला हवी : घरकर्ज फेडताना महिन्याच्या खर्चाचा मेळ कसा घालायचा?

गावोगावी स्लॅबची घरं उभी राहत आहेत. जुनं मातीचं घर पाडून तिथंच बांधकाम होतं, नाहीतर तालुक्याच्या रस्त्याला गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधलं जातं. वास्तुशांती होते, पाहुणे जेवून जातात आणि पुढच्या महिन्यापासून पाच किंवा दहा तारखेला बँकेचा हप्ता सुरू होतो. तो पंधरा-वीस वर्षं चालतो.

अडचण अशी की हप्ता दर महिन्याला जातो, पण गावाकडचा पैसा दर महिन्याला येत नाही. दुधाचा पगार दहा दिवसांनी, सोयाबीन-कांद्याचा पैसा हंगामाला, उसाचं बिल कारखाना काढेल तेव्हा. त्यामुळे कमाई पुरेशी असूनही हप्ता चुकतो. दोष बऱ्याचदा कमाईचा नसतो, मेळ बसलेला नसतो.

आधी हप्त्यात काय असतं ते बघा

समजा १० लाखांचं कर्ज आहे, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो ८,९९७ रुपये. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये नुसतं व्याज असतं. मुद्दल फिटते फक्त १,४९७ रुपये.

पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला तर खिशातून जातात सुमारे ५ लाख ४० हजार. तरीही बँकेत बाकी निघते सुमारे ८ लाख ८७ हजार. म्हणजे मुद्दल कमी झाली जेमतेम १ लाख १३ हजारांनी. "एवढे भरले तरी कर्ज हलत का नाही?" हा प्रश्न अनेकांना पडतो, त्याचं उत्तर हेच आहे. यात बँकेने काही फसवलेलं नसतं. सुरुवातीला बाकी मोठी असते म्हणून व्याज जास्त बसतं.

पूर्ण २० वर्षांत या कर्जाचे सुमारे २१ लाख ५९ हजार भरावे लागतात. हेच कर्ज १५ वर्षांचं घेतलं तर हप्ता १०,१४३ रुपये आणि एकूण भरणा सुमारे १८ लाख २६ हजार. महिन्याला ११४६ रुपये जास्त भरले की शेवटी ३ लाख ३३ हजार वाचतात. पण ओढाताण करून मोठा हप्ता लावून घेऊ नये. जादा पैसे नंतरही भरता येतात, चुकलेला हप्ता मात्र महागात पडतो.

एका घराचा हिशोब मांडून बघू

नवरा एमआयडीसीत कामाला, पगार १८ हजार. दारात दोन गाई, खुराक-औषध वजा जाऊन महिन्याला ६ हजार. एकूण २४ हजार. शिवाय सोयाबीन-हरभऱ्याचे खर्च वजा जाता वर्षाला ४० हजार उरतात. घरात चार माणसं. हप्ता धरा ९ हजार.

हप्ता गेल्यावर उरले १५ हजार. त्यातून :

- किराणा, भाजी, तेल : ५,०००
- गॅस, लाईट बिल, मोबाईल रिचार्ज : १,५००
- शाळेची गाडी, शिकवणी : २,०००
- पेट्रोल : २,०००
- दवाखाना : १,०००

हे झाले ११,५००. शिल्लक दिसतात ३,५००. बरीच घरं इथंच फसतात, कारण हे ३,५०० मोकळे नसतात. वर्षातून एकदा येणारे खर्च यात धरलेलेच नाहीत :

- जूनमध्ये फी, वह्या, गणवेश : ८,०००
- दिवाळी आणि कपडे : ९,०००
- घरपट्टी, पाणीपट्टी : २,५००
- गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग : ४,५००
- जत्रा, लग्नांचे आहेर : ६,०००

वर्षाला ३० हजार, म्हणजे महिन्याला २,५००. खरी शिल्लक राहते १,००० रुपये. जून आणि दिवाळीला हप्ता चुकतो तो यामुळे. ते खर्च अचानक आलेले नसतात, फक्त महिन्याच्या हिशोबात कुणी धरलेले नसतात. हे २,५०० दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकले, पोस्टात किंवा बँकेत आरडी केली, तरी चालतं. बचत गटात टाकत असाल तर गरजेला कधी काढता येतील ते आधी विचारून घ्या.

प्रत्येकाचे आकडे वेगळे असणार. वहीच्या एका पानावर ही मांडणी घरातल्या दोघांनी मिळून करावी. किराणा कुठे वाढला ते घरातल्या बाईला पक्कं माहीत असतं, आणि पेट्रोल कुठे गेलं ते गाडी चालवणाऱ्याला.

हंगामाचा पैसा आला की काय करायचं?

वरच्या घरात पिकाचे ४० हजार आले. त्यातून आधी तीन हप्त्यांचे २७ हजार बाजूला ठेवावेत. या पैशाला "हप्त्याची पेवाची कणगी" समजा. पगार लांबला, गाय आटली, कुणी आजारी पडलं तर तीन महिने घराला धक्का लागत नाही. ही रक्कम एकदाच उभी करायची असते. पुढच्या वर्षी वापरली असेल तेवढीच भरून काढायची.

मग एक जादा हप्ता, म्हणजे ९ हजार, कर्जात भरावा. वर्षाला असा एकच हप्ता जादा भरत गेलं तर २० वर्षांचं कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत फिटतं. उरलेले ४ हजार घरासाठी.

जादा पैसे भरताना बँकेत स्पष्ट सांगा आणि अर्जावर लिहून द्या की ही रक्कम मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. नुसते खात्यात टाकले तर ते बचत खात्यातच पडून राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड बँकेला घेता येत नाही. पतसंस्था मात्र सहकार खात्याच्या कायद्याखाली चालतात. तिथं कर्ज असेल तर करारातली अट वाचून मगच पैसे भरा.

आधी कोणतं कर्ज फेडायचं?

घराचा नेहमीचा हप्ता कधीच थांबवायचा नाही. पण हातात जादा पैसे आले तर क्रम असा ठेवा :

१. खासगी सावकार, मोबाईल ॲपचं कर्ज, फायनान्सचे आठवड्याचे हप्ते. "शेकडा तीन" ऐकायला कमी वाटतं, पण ते महिन्याचं असतं. वर्षाला झाले ३६ टक्के. घरकर्जाच्या ९ टक्क्यांच्या चौपट.

२. पीककर्ज. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर सरकारची व्याज सवलत मिळते. तारीख चुकली की सवलत जाते. पीककर्ज उचलून घराचे हप्ते भरण्याची सवय वाईट. मार्चअखेर दोन्ही एकदम अंगावर येतात.

३. सोनेतारण. दागिना अडकलेला असतो आणि मुदत संपली की लिलावाची नोटीस येते.

४. घरकर्जात जादा भरणा. वरचं सगळं मिटल्यावर.

व्याजदर बदलला की लक्ष ठेवा

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. हप्ता बदलला नाही म्हणून कर्जदाराला कळलंही नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलला तर कर्जदाराला कळवा, आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी द्या. दर तीन महिन्यांनी हिशोबाचं पत्रक देणंही बंधनकारक आहे.

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.५० वर आला. दर कमी झाला की बऱ्याच जणांना हप्ता कमी व्हावा असं वाटतं. परवडत असेल तर उलट करा. वरच्याच कर्जाचा दर सुरुवातीलाच ९ वरून ८ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० ऐवजी साधारण २०४ हप्त्यांत कर्ज संपतं. तीन वर्षं वाचली.

आपलं कर्ज रेपोला जोडलेलं आहे का, हे शाखेत जाऊन विचारा. ऑक्टोबर २०१९ पूर्वीचं जुनं कर्ज असेल तर ते जुन्या पद्धतीच्या दरावर अडकलेलं असू शकतं. थोडं शुल्क भरून ते बदलून मिळतं.

हप्ता चुकणार असं दिसलं तर

लपून बसू नका, फोन बंद करू नका. तारखेच्या आधी शाखेत जाऊन मॅनेजरला भेटा आणि अडचण लेखी द्या. एक हप्ता परत गेला की बँकेचं शुल्क बसतं आणि सिबिल खराब होतं. पुढं ट्रॅक्टरला किंवा पोरांच्या शिक्षणाला कर्ज मागायला गेलं की तेच आडवं येतं.

थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए होतं. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते आणि पुढं घराचा ताबा घेऊ शकते. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. गावठाणातलं किंवा एनए प्लॉटवरचं तारण घर वगळलेलं नाही. म्हणून पहिला हप्ता चुकला तेव्हाच हालचाल करायची, तिसऱ्याची वाट बघायची नाही.

कमावता माणूस गेला तर कर्ज मागे राहतं. वर्षाला ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आणि २० रुपयांत सुरक्षा विमा मिळतो. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण आहे, सुरक्षा विम्यात ते अपघातासाठी आहे. मे अखेरीला खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. १० लाखांच्या कर्जाला एवढं पुरणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. जमलं तर कर्जाएवढा टर्म विमा घ्यावा.

बँक ऐकत नसेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं नाही

कर्ज फिटल्यावर बँकेकडून तीन गोष्टी घ्यायच्या : कर्ज नसल्याचा दाखला, मूळ कागदपत्रं आणि बोजा उतरवण्याचं पत्र. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

ते पत्र घेऊन बोजा जिथं चढला असेल तिथं जायचं. सातबाऱ्यावर असेल तर तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असेल तर ग्रामसेवकाकडे. बोजा कमी झालेला नवा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. कर्ज फिटूनही उताऱ्यावर बोजा तसाच राहिला, तर वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी पोरांना पुन्हा बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागतात.