गिरणीच्या आवारातला मॉल

‘द फिनिक्स मिल्स लिमिटेड’ या नावाने शेअर बाजारात आजही व्यवहार होणारी कंपनी सुताचा एक धागाही कातत नाही. तिचा धंदा मॉलचा. कुर्ला, पुण्याचं विमाननगर, बंगळूर, चेन्नई इथे तिचे मॉल आहेत आणि या सगळ्यांचं मूळ घर लोअर परळला, सेनापती बापट मार्गावर आहे. जुने लोक या रस्त्याला अजून तुळशी पाइप रोडच म्हणतात. १९०५ साली स्थापन झालेल्या या कंपनीची कापड गिरणी याच रस्त्याला होती. आधी हाय स्ट्रीट फिनिक्स आणि आता फिनिक्स पॅलेडियम म्हणून ओळखला जाणारा मॉल त्या गिरणीच्या जागेवर उभा आहे.

अमेरिकेत मॉल शहराबाहेर जन्माला आला. मिनेसोटातल्या ईडायना गावी १९५६ साली उघडलेलं साउथडेल हे संपूर्ण छताखालचं, वातानुकूलित असं तिथलं पहिलं मोठं केंद्र. मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांसाठी ते बांधलं होतं आणि भोवती गाड्या उभ्या करायला प्रचंड मैदानं होती. लोअर परळचा मॉल मात्र भरवस्तीत, रेल्वे स्टेशनाजवळ, आधीच बांधलेल्या कुंपणाच्या आत वाढला. म्हणून त्याचा इतिहास दुकानांपाशी सुरू होत नाही. तो जमिनीपाशी सुरू होतो.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्याचं गिरणगाव झालं. गिरणीची इमारत कामाच्या गरजेतून घडलेली असे. छप्पर करवती, त्यातल्या काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड भरपूर पण ऊन थेट साच्यांवर नाही. हवा मुद्दाम दमट ठेवलेली, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. खांब विरळ, मजला लांबच लांब आणि सलग. भोवती उंच भिंत आणि येण्याजाण्याला ठरावीक दरवाजे. यंत्रांसाठी केलेली ही मांडणी पुढे दुकानांच्याही उपयोगी पडली. मोठं आवार, मोक्याची जागा आणि एका दरवाजातून आवरता येणारी गर्दी असं सगळं तिथे आयतं होतं.

या दरवाजांतून रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, सातारा-सांगली-कोल्हापूरकडची माणसं कामाला येत. भोंगा झाला की पाळी बदले. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पुरुष खानावळीत जेवत आणि ती खानावळ बहुधा एखादी बाई आपल्याच घरात चालवत असे. या खानावळवाल्या बायकांना कर्ज मिळावं, सावकाराच्या हातून त्या सुटाव्यात, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणीभोवतीचं अर्थकारण असं चुलीपर्यंत पोहोचलेलं होतं. गिरणी बंद पडली तेव्हा ती झळ एकट्या कामगाराची राहिली नाही, याचं कारण हेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. काही गिरण्या पुन्हा अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, काही कायमच्या थांबल्या. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, मालकांनी न केलेली गुंतवणूक ही कारणं संपाच्या आधीपासूनची होती. पण ऐंशीच्या दशकाअखेर एक गोष्ट सगळ्यांनाच दिसू लागली होती, ती म्हणजे गिरणीत निघणाऱ्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन कितीतरी मोलाची झाली आहे. शहरात अशी सुमारे सहाशे एकर जमीन होती.

१९९१ साली राज्य सरकारने विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आणला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी आणि एक मालकाला. माझ्या मते या शहराने स्वतःसाठी केलेल्या शहाण्या नियमांपैकी हा एक होता. त्यात पळवाटही होती. जुनी इमारत शाबूत ठेवून तिचा नुसता वापर बदलला, तर वाटणी लागू होत नसे. पुष्कळ गिरण्यांच्या भिंती त्यामुळेच टिकल्या आणि त्यांच्या आत कार्यालयं, स्टुडिओ, उपाहारगृहं आली.

फिनिक्सच्या आवारात नव्वदीच्या अखेरीला बोलिंग अ‍ॅली सुरू झाली. कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून परवानगी घेतली आणि प्रत्यक्षात श्रीमंतांचा अड्डा काढला, असा आक्षेप कामगारांच्या बाजूने लढणाऱ्यांनी घेतला. बंद गिरणी कामगार संघर्ष समितीचे दत्ता इस्वलकर आणि त्यांचे सहकारी त्या काळात गिरणगावातल्या एकेका बदलाचा पाठपुरावा करत होते. देणी, घरं आणि जमिनीचा हिशेब एवढंच त्यांचं मागणं होतं.

याच सुमारास, १९९९मध्ये, हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मुंबईतला पहिला मोठा मॉल उघडला. बघ्यांची झुंबड उडाली, तेव्हा आत जायला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवावा लागे. ते नसेल तर पैसे भरावे लागत. टीका झाली आणि ही अट सुटली. फिनिक्सने उलटी वाट धरली. आत बिग बझार आला आणि डाळ-तांदूळ, साबण, चादरी स्वस्तात विकू लागला. शेजारच्या चाळींतली माणसं पिशव्या घेऊन आली. इमारतींच्या मधल्या मोकळ्या गल्ल्या तशाच ठेवल्या होत्या, त्यामुळे काही न घेताही फिरता, बसता येई. जुनी चिमणीही जागेवर राहिली. मग हळूहळू दर्जा आणि दर दोन्ही चढत गेले. २००९च्या सुमारास पॅलेडियम आला, परदेशी नाममुद्रांची दुकानं आली, त्याच आवारात पंचतारांकित हॉटेलचा मनोरा उभा राहिला. बिग बझार आता इतिहासजमा झाला आहे.

ही चढण नुसत्या हौसेची नव्हती. मॉलचा मालक गाळे विकत नाही, भाड्याने देतो. पुष्कळदा ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीतला ठरावीक टक्का, यांतलं जे जास्त असेल ते तो घेतो. त्यामुळे कोणतं दुकान कुठे असावं, कोणाचा करार वाढवावा आणि कोणाला निरोप द्यावा, हे तो रोजच्या विक्रीकडे बघून ठरवतो. दर चौरस फुटामागे विक्री वाढवायची तर महाग माल विकणारा भाडेकरू हवा.

जमिनीच्या हिशेबाचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. २००१मध्ये ५८व्या नियमात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची, असं ठरलं. बहुतेक गिरण्यांत मोकळी जागा जेमतेमच होती, म्हणजे शहराचा वाटा जवळपास संपला. ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल अडवला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवून हा बदल वैध ठरवला. लोअर परळमधलाच मुंबई टेक्स्टाइल मिलचा सुमारे सतरा एकरांचा भूखंड २००५मध्ये ७०२ कोटींना गेला आणि २०१२मध्ये सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकला गेला. सात वर्षांत तिथे कापडाचा तागा निघाला नव्हता की साचा हलला नव्हता. शहराच्या वाट्याला यायच्या त्या बागा आणि ती घरं या आकड्यांखाली गाडली गेली, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मॉलने काही दिलंच नाही, असं मी म्हणणार नाही. लहान घरांच्या या शहरात मुलींना निवांत बसता येईल, रात्री उशिरा निर्धास्त हिंडता येईल अशा जागा थोड्याच आहेत आणि ही त्यांतली एक आहे. पण गिरणी कामगार पायी कामावर येई, चाळ आणि गिरणी हाकेच्या अंतरावर असत. आज गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांत, दुकानांत काम करणारा माणूस विरार, कल्याण, पनवेलहून येतो. रस्ते आणि स्टेशनांचे जिने मात्र जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी याच भागातल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर, पावसात, चेंगराचेंगरीत २३ जण गेले. मोकळ्या जागांचा वाटा सोडून दिला, तेव्हा एवढी माणसं ये-जा कशी करणार याचा विचार कोणी केला होता, हा प्रश्न मॉलच्या मालकाला नाही, नियम बदलणाऱ्यांना विचारायचा आहे.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे दीड लाखाच्या घरात अर्ज आले. पहिली मोठी सोडत जून २०१२मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. पुढच्या सोडतींतली काही घरं पनवेलजवळच्या कोन गावातली होती. अर्ज करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण वारले आहेत आणि आता वारस कागदपत्रं घेऊन हेलपाटे घालतात. त्यांची पात्रता ठरवायला तपासतात ती गिरणीची हजेरी, तिकीट नंबर आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद.