क्षयरोगाची नोंद आणि घरातला उजेड

मुंबई - क्षयरोगाचा रुग्ण आढळल्यास त्याची माहिती सरकारी यंत्रणेला कळविणे खासगी डॉक्टर, रुग्णालये आणि प्रयोगशाळांवर मे २०१२ पासून बंधनकारक आहे. ही माहिती ‘निक्षय’ या संगणक प्रणालीत नोंदविली जाते. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचा माग काढणे आणि कुटुंबीयांची तपासणी करणे त्यामुळे शक्य होते. मात्र, केवळ रुग्ण मोजून रोगाचे मूळ कळत नाही, हे महापालिकेच्या ‘एम-पूर्व’ विभागात दिसून आले.

गोवंडी, मानखुर्द, देवनार हा परिसर या विभागात येतो. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात तो शहरात तळाला होता. येथील नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींची ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेने पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. इमारती एकमेकींना खेटून असल्याने खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही. क्षयरोगाचे प्रमाण तेथेच अधिक आढळले. तुलनेने मोकळ्या असलेल्या पीएमजी वसाहतीत ते बरेच कमी होते.

याचे कारण सरळ आहे. खोकल्यातून बाहेर पडलेले जंतू बंद खोलीत बराच काळ तरंगत राहतात. वाहत्या हवेत ते विरळ होतात, उन्हात मरतात.

औषधे मोफत मिळतात. पोषण आहारासाठीचे दरमहा ५०० रुपयांचे साह्यही नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. तथापि, बरा झालेला रुग्ण त्याच अंधाऱ्या खोलीत राहतो. त्यामुळे रुग्णाच्या नोंदीसोबत घराचा मजला, खिडक्या आणि राहणाऱ्यांची संख्याही नोंदविणे गरजेचे ठरते. पुढील वसाहतींचे नकाशे मंजूर करताना हीच नोंद उपयोगी पडेल.